कुलपातला खण

आमच्या रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात एकशे बारा खण आहेत. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, वेखंड, नागरमोथा सगळे उघडे. कुलूप आहे ते एकाच खणाला. त्यात बचनाग, कुचला आणि धोतऱ्याचं बी ठेवलेलं असतं. चौथी पुडी सर्पगंधेची. आजोबांच्या वेळी ती वर, शंखपुष्पीच्या शेजारी उघड्या खणात असायची. वडिलांनी १९६८ साली ती खाली आणून कुलपात घातली. का, ते पुढे येईलच.

हल्ली गिऱ्हाईक येतं ते 'टेन्शन' घेऊन. ब्राह्मी मागतात, जटामांसी मागतात, अश्वगंधा तर शेंगदाण्यासारखी खपते. मोबाइलवर जरा जास्त वाचलेला एखादा गल्ल्यापाशी वाकून हळूच विचारतो, "काका, सर्पगंधा आहे का? गोळ्या नकोत, नॅचरलच पाहिजे." त्याला मी मुळी नुसती बघायला हातात देतो. करंगळीएवढी, वाकडीतिकडी, मातकट रंगाची, सालीवर उभ्या भेगा. वास म्हणाल तर जवळजवळ नाहीच. जिभेला लावली तर कडू, इतकी की चहा प्यायल्यावरही कडूपणा जात नाही. धंद्यातली एक गोष्ट आजोबांनी मला सातव्या वर्षी शिकवली होती: साल सोललेली सर्पगंधा कितीही गोरी दिसली तरी घ्यायची नाही. तिचा सगळा जोर सालीत असतो. पुढे प्रयोगशाळांनीही तेच सांगितलं. मुळीतली बहुतेक अल्कलॉइडं सालीतच असतात.

तिला मराठीत मुंगूसवेलही म्हणतात. ती वेल नाही, गुडघ्याएवढं झुडूप आहे, पण नावं ठेवताना कोण एवढं बघतो! मुंगूस सापाशी भिडण्याआधी ही मुळी खातं, अशी समजूत. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात सापावरच्या मुळीची आणि मुंगसाची हीच गोष्ट लिहून ठेवली आहे. शास्त्रीय नावात मात्र राउवोल्फ नावाचा जर्मन वैद्य चिकटला. तो बगदादपर्यंत फिरला, हिंदुस्थानात कधी आलाच नाही. आणि सापाच्या विषावर ही मुळी चालत नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

डोकं शांत करायला ती वापरायची ही युक्ती मुळात बिहारकडच्या लोकांची. तिथे तिला 'पागल की दवा' म्हणत. वेडाचा झटका आलेल्याला तर देतच, पण रडक्या पोराला झोपवायलाही देत. आमचे जुने वैद्य मनाच्या विकारांवर ब्राह्मी, शंखपुष्पी, वेखंड लिहून देत. सर्पगंधेचं नाव त्यांच्या पोथ्यांत यायचं ते विषाच्या प्रकरणात. मोठं काम गावठी उपचारानं केलं आणि शास्त्र मागून आलं, असं माझं मत आहे. वैद्य गिऱ्हाइकांना ते आवडत नाही.

१९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर या मुळीचा उपयोग होतो, असा निबंध छापला. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी तिच्यातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीम अजमल खानांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटलं. १९३४ पासून 'सर्पिना' गोळ्या बाजारात आल्या. तरीही विलायतेत कोणाला पत्ता नव्हता.

तो लागला मुंबईमुळे. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन मोजमाप ठेवलं आणि १९४९ साली ते 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापलं. तोपर्यंत ही मुळी 'गुण येतो हो' या खात्यात होती. वकिलांनी आकडे मांडले आणि बोस्टनच्या डॉक्टरांनी ती मागवली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या सीबा कंपनीने तिच्यातून रेसरपीन काढलं. पुढच्याच वर्षी बडोद्याच्या एका वैद्यकीय परिषदेत सर्पगंधेवरच्या निबंधाला सुवर्णपदक मिळाल्याची बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आली. ती वाचून तिथल्या रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी शेकडो रुग्णांवर ती वापरून पाहिली. 'ट्रँक्विलायझर' हा शब्द आजच्या अर्थानं वापरात आला तो रेसरपीनमुळे. १९५७ साली अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक क्लाइन यांच्याबरोबर वकिलांनाही मिळालं. मुंबईच्या या माणसाचं नाव आज वैद्यकाच्या मुलांनाही आठवत नाही, हे मला खटकतं.

आजोबांच्या वहीत त्या वर्षांची पानं घडी पडून मळलेली आहेत, इतक्यांदा ती उलटली गेली. मुंबईच्या दलालाची पत्रं, मालाची चौकशी, भाव दुप्पट. डोंगरातून येणाऱ्या गोणीत भलत्याच मुळ्या मिसळलेल्या. 'साल पाहून घेणे' असं आजोबांनी लाल शाईनं लिहिलंय.

आता त्या कुलपाचं, म्हणजे माझ्या आत्याचं. तिला रक्तदाब होता. डॉक्टरांनी गोळी दिली होती, ती नियमानं घ्यायची. झोप लागत नाही म्हणून रात्री आमच्याच दुकानातलं सर्पगंधेचं चूर्ण दुधातून घ्यायची. ते काय, घरचंच. आधी तिचं नाक चोंदलं. मग ती दिवसाही पेंगायला लागली. मग बोलणं कमी झालं. ज्या बाईच्या रांगोळीसाठी शेजारच्या वाड्यातून बायका यायच्या, ती दिवाळीत ओसरीवर नुसती बसून राहिली. कोणी म्हणालं दृष्ट, कोणी म्हणालं वय. शेवटी वडिलांनी गोळीच्या बाटलीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. त्यात रेसरपीन होतं. ती दिवसा एक आणि रात्री एक, अशी सर्पगंधाच दोनदा घेत होती. चूर्ण बंद केलं, डॉक्टरांनी गोळी बदलली. पुढच्या पाडव्याला दारात रांगोळी होती. लहान, पण होती.

हे एका आत्याचं नव्हतं. रेसरपीननं रक्तदाब उतरायचा, मन शांत व्हायचं आणि काही जणांचं मन शांत होण्याच्याही पलीकडे बुडायचं. हे औषध मेंदूतली सेरोटोनिनसारखी द्रव्यं रिकामी करतं, हे १९५५ च्या सुमारास अमेरिकेत दिसलं. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसरपीन दिलेले ससे पाहिले: कान पाडून निपचित बसलेले. त्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचल्यावर ते पुन्हा हलू लागले. कंपवाताच्या आजच्या औषधाचा रस्ता त्या सशांवरून गेला आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. खिन्नतेचं मूळ मेंदूतल्या द्रव्यांत शोधण्याच्या विचारालाही सर्पगंधेनंच ढकललं. ससे ओसरीवर बसलेले मला नेहमी दिसतात.

नंतर नवी औषधं आली, रेसरपीन मागे पडलं. पण मुळ्यांसाठी इतकं खणलं गेलं की जंगलात सर्पगंधा विरळ झाली. १९९० पासून तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं बंधन आहे.

आमच्याकडे वैद्याची चिठ्ठी असल्याशिवाय त्या खणातलं काही विकत नाही. आणखी एक विनंती: कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात जाल तेव्हा, चालू असलेल्या गोळ्यांची पट्टी पिशवीत घेऊन जा आणि आधी ती दाखवा.