कोमितास स्मारक, पॅरिस

कोमितास स्मारक हा पॅरिस शहरात सेन नदीच्या उजव्या तीरावर असलेला आर्मेनियन संगीतकार व वृंदगान-संचालक कोमितास (१८६९–१९३५) यांचा कांस्यपुतळा आहे. शिल्पकार दाविद येरेवान्त्सी यांनी घडविलेल्या या पुतळ्याचे अनावरण २४ एप्रिल २००३ रोजी झाले. १९१५ साली याच तारखेस कॉन्स्टँटिनोपल येथे आर्मेनियन विचारवंतांची धरपकड झाली. तीत लोकगीतांचे संग्राहक कोमितासही होते. ते जिवंत परतले, परंतु त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले व संगीतकार्य थांबले. अखेरची वर्षे त्यांनी पॅरिस परिसरातील मनोरुग्णालयांत काढली. १९३६ साली त्यांचे पार्थिव येरेव्हानला नेण्यात आले. पॅरिसमधील स्मारक वंशसंहारातील बळींनाही समर्पित असून २४ एप्रिलला तेथे श्रद्धांजली वाहिली जाते.