फोनवरून संगणक चालवणे
बोईसरचे एक शिक्षक वर्गात मागच्या बाकाजवळ उभे राहून मोबाइलने स्लाइड सरकवतात, त्याचा उलगडा असा. फोन आणि संगणक एकाच वाय-फायवर जोडतात. संगणकावरचा छोटा प्रोग्रॅम सतत कान देऊन असतो. फोनवरचे ॲप बोटाची हालचाल त्याला कळवते आणि तो ती माउसची किंवा कीबोर्डची आज्ञा म्हणून राबवतो. केडीई कनेक्ट हे यातले मोफत साधन. इंटरनेट लागत नाही, फोनचा हॉटस्पॉटही पुरतो; त्यामुळे जव्हार-मोखाड्याकडे, रेंज नसलेल्या पाड्यावरच्या शाळेतही हे चालू शकते, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून फोन ब्लूटूथवर थेट कीबोर्ड म्हणून जोडायचीही सोय आली. तसे जोडल्यास संगणकावर काही बसवावे लागत नाही. हीच युक्ती कोणी कारखान्यातही वापरू पाहील; पण तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत, जिथे ज्वलनशील द्रावकांची वाफ साचू शकते, तिथे साधा फोन नेऊच नये. ठिणगी पडणार नाही अशा खास बनावटीचाच लागतो. आणि वाचकांना विनंती : स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या सार्वजनिक वाय-फायवर असा प्रोग्रॅम पासवर्डविना चालू ठेवू नका. – संपा.