भोंगा, ट्रॅक्टर आणि चार ओहम

दिंद्रुडच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर यायच्या आधी त्याचं गाणं येतं. लग्नात, सप्ताहात वर्षानुवर्षं माईक लावलेला माणूस या ट्रॅक्टरला चार स्पीकर जोडतो आणि ॲम्प्लिफायर जळतो, असं का होतं? लोक म्हणतात, ‘माल डुप्लिकेट असेल.’ असतोही कधी कधी. पण खरं कारण मला इतिहासात दिसतं.

भोंगेवाल्याची विद्या 100 व्होल्ट लाइनची. तिथे प्रत्येक भोंग्याला स्वतःचा ट्रान्स्फॉर्मर असतो. 120 वॅटच्या ॲम्प्लिफायरवर 30 वॅटचे चार भोंगे, सगळे पॅरलल. वॅटची बेरीज जमली की झालं. देवळापासून वेशीपर्यंत तार ओढायची, तर ही पद्धत लागतेच. तारेचा रोध 1 ओहम धरा. 100 व्होल्टवर 120 वॅट पाठवायला 1.2 अँपिअर पुरतात, तारेत जेमतेम दीड वॅट वाया जातो. तेवढेच वॅट 4 ओहमच्या स्पीकरला थेट पाठवायचे तर साडेपाच अँपिअर लागतात आणि 30 वॅट तारेतच जातात! महावितरणच्या उच्चदाब तारांमागे हाच हिशोब आहे.

गाडीतलं गणित मात्र बॅटरीपासून सुरू होतं. 1930 च्या दशकात गाडीतल्या व्हॉल्व्ह रेडिओला बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लागायचं. मग व्हायब्रेटर नावाचा थरथरणारा स्विच आणि ट्रान्स्फॉर्मर मिळून ते वाढवत. ट्रान्झिस्टर आला आणि थेट 12 व्होल्टवर काम भागलं. पण व्होल्टेज कमी, म्हणजे ताकद हवी तर करंट जास्त ओढायचा. म्हणून घरात 8 ओहमचे स्पीकर सर्रास, तर गाडीत 4 ओहमचे. (मोठ्या कार ॲम्प्लिफायरमध्ये व्होल्टेज वाढवणारं सर्किट पुन्हा आलंय, फक्त थरथर गेली.)

आता जुन्या सवयीने 4 ओहमचे चार स्पीकर पॅरलल जोडले, की ॲम्प्लिफायरला दिसतो 1 ओहम. बहुतेक ॲम्प्लिफायर एका चॅनलवर एवढा भार झेलत नाहीत. दोन-दोन स्पीकर सिरीजमध्ये घ्या, मग त्या दोन जोड्या पॅरलल करा: परत 4 ओहम.

आणखी एक जुनी सवय म्हणजे स्पीकरची मायनस वायर गाडीच्या बॉडीला टेकवणं. पूर्वीच्या बऱ्याच कार रेडिओंना ते चालायचं. आजच्या ब्रिज आउटपुटला दोन्ही वायरी जिवंत असतात, तिथे बॉडीला टेकवली की शॉर्ट. आणि मीटरवर साडेतीन ओहम दिसले म्हणून स्पीकर बाद करू नका. मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध सांगतो, तो 4 पेक्षा थोडा कमीच येतो.