तासाच्या दराचे लॉज (एसटी स्थानक परिसर)

बसस्थानकालगत पूर्ण दिवसाऐवजी काही तासांसाठी भाड्याने मिळणारी खोली. महाराष्ट्रात ‘लॉजिंग-बोर्डिंग’ची पाटी एसटी स्थानकांसमोर सर्रास दिसते, भाडे मात्र सहसा २४ तासांच्या किंवा दुपारी १२ च्या चेक-आउटच्या हिशोबाने घेतले जाते. रातराणीने पहाटे उतरलेला, कोर्टाच्या तारखेला, परीक्षेला किंवा दवाखान्यात आलेला माणूस अंघोळीपुरती आणि दोन तास पाठ टेकण्यापुरती खोली मागतो. त्याने दिवसाचे भाडे का भरावे? ही सोय चैन नव्हे, प्रवासाचाच भाग आहे. तान्ह्या मुलाच्या आईला किंवा आजारी वृद्धाला स्थानकावरचे बाकडे पुरत नाही. रेल्वेने हे ओळखले: तिची विश्रांतिगृहे तासांच्या हिशोबाने आरक्षित करता येतात आणि २०२१ मध्ये मुंबई सेंट्रलला पॉड हॉटेल सुरू झाले.

अशा खोल्यांमुळे देहव्यापार आणि मुलींची तस्करी फोफावते, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकू नये. पण गैरप्रकार दिवसभराच्या भाड्यातही होतात. ओळखपत्राची तपासणी, नोंदवही, अल्पवयीनांबाबत दक्षता हे त्यावरचे उपाय. ते तासाच्या भाड्यालाही तितकेच लागू पडतात. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा (१९५६) जागेच्या गैरवापराला शिक्षा करतो, मुक्कामाच्या मुदतीला नाही. सज्ञान अविवाहित जोडप्याने हॉटेलच्या खोलीत राहणे गुन्हा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. एसटीने स्थानकांच्या पुनर्विकासात अशा खोल्या स्वतःच्या देखरेखीखाली बांधाव्यात.