रेगेचा इतिहास कोणाच्या नावावर?

रेगे म्हटले की लोकांना बॉब मार्लेचा टी-शर्ट आणि गांजाचे पान आठवते. आमचा आक्षेप या चित्रालाच आहे. जमैकात १८३८ मध्ये गुलामी पूर्णपणे संपली, १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला. पण किंग्स्टनच्या वस्त्यांतला काळा माणूस गरीबच राहिला. त्याचा इतिहास रूट्स रेगेच्या अल्बमांनी सांगितला.

बर्निंग स्पिअरचा १९७५ चा 'मार्कस गार्वी' घ्या. सेंट अ‍ॅन परगण्यात जन्मलेले गार्वी १९४० मध्ये लंडनमध्ये वारले. १९६४ मध्ये त्यांचे अवशेष मायदेशी आणून सरकारने त्यांना राष्ट्रवीर ठरवले. सन्मान झाला, विचार मात्र बाजूला पडला. त्याच सेंट अ‍ॅनचे विन्स्टन रॉडनी, म्हणजेच बर्निंग स्पिअर, गार्वींची आरती ओवाळत नाहीत. त्यांना विसरणाऱ्यांना जाब विचारतात. आयलंड कंपनीने गोऱ्या श्रोत्यांना पचावा म्हणून हा अल्बम पुन्हा मिक्स करून सौम्य केला. चाहते चिडले आणि रॉडनींनी पुढे स्वतःचे लेबल काढले. जाब विचारणारा आवाज बाजारात आला की आधी त्याची धार बोथट केली जाते, ती अशी.

डबची गोष्ट वेगळी. किंग टबी, खरे नाव ऑस्बोर्न रडॉक, हे रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर. वॉटरहाउस वस्तीतल्या छोट्या स्टुडिओत ते तयार गाण्यातला गायकाचा आवाज काढून टाकत, ड्रम आणि बेस पुढे आणत आणि मध्येच आवाजाचा एखादा तुकडा प्रतिध्वनीत सोडून देत. मिक्सर हेच त्यांचे वाद्य. 'ही तर तंत्रज्ञाची करामत, यात संगीत कुठे?' असे म्हणणारे आहेत. आम्ही विचारतो, हाताने काम करणाऱ्याला निर्माता म्हणायला एवढी जीभ का अडखळते?

१९७६ च्या 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन'मध्ये ऑगस्टस पाब्लो मेलोडिका वाजवतात, शाळकरी मुलांचे फुंकून वाजवायचे वाद्य. शीर्षकरचना जेकब मिलर यांच्या एका प्रेमगीतावरून घडली आहे. आधी ते मूळ गाणे ऐका, मग टबींचे. (मोबाईलवर नको, बेस नीट येणारा स्पीकर कुणाकडून तरी मागून आणा.) मिलर यांचे शब्द अर्ध्यावर तुटतात, कार्लटन बॅरेट यांचे ड्रम अंगावर कोसळतात आणि प्रेमगीताचे काहीतरी भलतेच, भारलेले होते. अल्बमच्या नावात पहिले नाव मिक्स करणाऱ्याचे आहे, हेही पाहून ठेवा.