आणे-पैंचं पुस्तक

1 एप्रिल 1957ला नवे पैसे आले आणि आमच्या घरी गणिताच्या पुस्तकावरून वाद झाला. दादाचं जुनं पुस्तक धडधाकट होतं, पण त्यातली उदाहरणं रुपये-आणे-पैंची. आई म्हणाली, "बेरीज काय बदलली का रे?"

बेरीज नाही, रुपया बदलला होता. 12 पैंचा आणा, 16 आण्यांचा रुपया. आता थेट 100 पैसे. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. वरचा पाव पैसा कोण देणार? म्हणून एका आण्याचे 6, दोनाचे 12, तिनाचे मात्र 19! वाण्याशी रोज हुज्जत.

शेवटी नवं पुस्तक आणलं. पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) मात्र मी दादाच्याच पुस्तकातून पाठ केली. ती अजून तोंडपाठ आहे. दशांशचिन्ह अजून चुकतं.