खिशात पैसे नसताना मनाचा इलाज: कोंडवाड्यापासून हक्कापर्यंत



मागच्या पावसाळ्यात पूर्व भागातल्या एक बाई आपल्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बाई विड्या वळतात. मुलगा पूर्वी यंत्रमागावर जायचा. तीन वर्षांपूर्वी त्याला कानात आवाज ऐकू यायला लागले, शेजारी आपल्यावर करणी करतात असं वाटायला लागलं, झोप उडाली. तेव्हा मीच त्यांना एका मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं होतं. औषध छान लागू पडलं, पोरगा पुन्हा कामाला जाऊ लागला. आणि आता तो समोर बसला होता दाढी वाढलेला, स्वतःशीच पुटपुटत.

"गोळ्या चालू आहेत ना?" मी विचारलं.

"बंद केल्या साहेब, वरीस झालं," बाई म्हणाल्या. "हजार विड्या वळल्यावर हातात येतं किती? घरभाडं द्यायचं का गोळ्या आणायच्या?"

मी गप्प झालो. चूक त्यांची नव्हती. तीन वर्षांपूर्वी चिठ्ठी लिहून देताना "हा खर्च महिन्याच्या महिन्याला झेपेल का?" एवढं एक वाक्य मी विचारलं नव्हतं. आपल्याच गावातल्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, हे मला माहीत होतं. पण मी ते सांगितलं नाही, आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

आता सांगितलं, तेव्हा बाईंनी विचारलं, "गरिबाला वेडाचा इलाज फुकट? हे कधीपासून निघालं?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर दीडशे वर्षांहून मोठं आहे. ते समजून घेतलं, तर आज सरकारी खिडकीसमोर उभं राहताना आपण भीक मागत नाही हे कळेल.

फुकट इलाज, पण कुलपाआड

इंग्रजांनी १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने त्याला आत पाठवायचं, अशी पद्धत होती. म्हणजे गरीब माणसाची गाठ डॉक्टरच्या आधी पोलिसाशी पडायची. समाजाला त्रास होऊ नये हा मुख्य हेतू, रुग्ण बरा व्हावा हा नंतरचा.

आपल्या आजच्या महाराष्ट्रात नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं. ठाण्याचं १९०१ साली नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून उभं राहिलं. पुढे पुण्यात येरवड्याचं झालं. १९१२ च्या नव्या कायद्यात माणूस स्वतःच्या इच्छेनेही दाखल होऊ शकेल अशी सोय आली, पण तिलाही परवानग्या लागत. १९२० नंतर 'वेड्यांचं इस्पितळ' हे नाव जाऊन 'मनोरुग्णालय' आलं. पाटी बदलली, भिंती त्याच राहिल्या.

सोलापूरच्या माणसाला येरवडा म्हणजे अडीचशे किलोमीटर. एकदा माणूस तिथे सोडला की भेटायला जायचं भाडंही जमत नसे. 'येरवड्याला पाठवलं' या शब्दांची भीती आपल्याकडे अजून का आहे, त्याचं मूळ इथे आहे. उपचार फुकट होते, पण त्यांची किंमत म्हणून घर, गाव आणि नाव गमवावं लागे.

साध्या दवाखान्यात मनाची ओपीडी

पहिला मोठा बदल झाला तो साध्या रुग्णालयांत. १९३३ साली कोलकात्याला डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी सर्वसाधारण रुग्णालयात मनोरुग्णांसाठी विभाग सुरू केला. पाठोपाठ १९३८ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी तसंच केलं. ताप-खोकल्याचा केसपेपर निघतो त्याच आवारात मनाचाही केसपेपर निघू लागला. रुग्णाने यावं, डॉक्टरांशी बोलावं आणि संध्याकाळी घरी जावं, ही त्या काळी नवी गोष्ट होती.

पण डॉक्टरांच्या हातात परिणामकारक औषध फारसं नव्हतं. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी आपल्या सर्पगंधेचा उपयोग रक्तदाब आणि उन्माद या दोन्हींवर होतो हे वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचा उन्मादावरचा परिणाम दाखवला. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना दिलं गेलं आणि चित्रच पालटलं. वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं घरी राहून बरी होऊ शकतील, असं पहिल्यांदा वाटू लागलं.

त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी एक साधी युक्ती केली. रुग्णालय खचाखच भरलेलं, माणसं अपुरी. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाही तिथे राहायला बोलावलं. आई-बाप, भाऊ-बहीण रुग्णाची काळजी घ्यायला शिकले आणि त्याला घेऊनच घरी परतले. आज मी रुग्णासोबत घरच्या एका माणसाने यावं असा आग्रह धरतो, त्याचं कारण हेच.

शेजारच्या बेल्लारीचा धडा

तरीही खेड्यातला माणूस दूरच होता. १९७५ च्या सुमारास हरियाणातल्या रायपूर राणी आणि कर्नाटकातल्या सकलवाडा इथे एक प्रयोग झाला: प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरला थोडं प्रशिक्षण दिलं, तर तो नेहमीचे मानसिक आजार ओळखू शकतो का? उत्तर 'हो' आलं. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. पुढे बंगळुरूच्या निम्हान्सने बेल्लारीत, म्हणजे आपल्या शेजारच्याच राज्यात, तो संपूर्ण जिल्ह्यात राबवून दाखवला. त्यावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, आधी चार जिल्ह्यांत आणि मग देशभर पसरत गेला.

मध्येच ६ ऑगस्ट २००१ चा दिवस आला. तामिळनाडूत एरवाडीला, दर्ग्याच्या परिसरातल्या एका निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २५ हून अधिक मनोरुग्ण पळता न आल्याने जळून गेले. त्यांना तिथे ठेवणारी बहुतेक कुटुंबं क्रूर नव्हती. त्यांना जवळ, परवडणारा दुसरा रस्ता दिसत नव्हता. श्रद्धेला माझा विरोध नाही. दर्शन घ्या, नवस बोला. पण साखळी नको, आणि गोळी बंद नको.

२०१७: आता हा हक्क आहे

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. बाईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. या कायद्याच्या १८ व्या कलमानुसार सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या, निराधार आणि बेघर माणसांना हे उपचार पूर्ण मोफत आहेत, आणि दारिद्र्यरेषेचं कार्ड हातात नसलं तरीही. यादीतली अत्यावश्यक औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी ठिकाणी मोफत मिळायला हवीत असंही त्यात लिहिलं आहे. कायद्यातलं सगळं प्रत्यक्षात उतरलेलं नाही. कधी गोळी शिल्लक नसते, कधी रांग मोठी असते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर असल्याचं दिसलं होतं. पण आता न मिळाल्यास विचारायचा अधिकार तुमच्याकडे आहे.

मग सोलापुरात काय करायचं?

१. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आपल्या गावात आहे. त्याला जोडलेल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, केसपेपर काढा आणि 'मानसोपचार विभाग' असं स्पष्ट सांगा. आधार आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. पैसे नसतील तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, त्यांचं कामच ते आहे.

२. तालुक्यात राहत असाल तर आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कोणत्या दिवशी येतं ते विचारा. आशाताईंनाही विचारता येईल.

३. टेलिमानस हा सरकारी दूरध्वनी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, मोफत, मराठीतही. जीव नकोसा वाटत असेल तर उद्याची वाट पाहू नका. लगेच फोन करा किंवा सिव्हिलच्या अपघात विभागात या. त्या माणसाला एकटं सोडू नका.

४. खाजगी डॉक्टरांकडेच जायचं असेल तर त्यांना जेनेरिक औषध लिहायला सांगा. मनाच्या अनेक जुन्या, खात्रीच्या गोळ्या जनऔषधी दुकानात बऱ्याच स्वस्त मिळतात.

५. आजार दीर्घ आणि तीव्र असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. त्यावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो.

आणि गोळ्या मनाने बंद करू नका. परवडत नसतील तर संपण्याच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना सांगा. लाजू नका. डॉक्टरला तुमची नाडी कळते, तुमचा खिसा कळत नाही.

तो मुलगा आता दर महिन्याला सिव्हिलमध्ये जातो. अजून कामावर परतलेला नाही, पण रात्री झोपतो, जेवतो, आईला विड्यांची बंडलं बांधू लागतो. मधलं एक वर्ष मात्र त्याला परत मिळणार नाही. म्हणून आता माझ्या टेबलावरच्या कागदावर रक्तदाब आणि साखरेच्या रकान्यांखाली मी आणखी एक रकाना आखला आहे: 'औषध परवडतं का?' तुमच्या डॉक्टरांनी नाही विचारलं, तर तुम्हीच सांगा.